पासबुकातलं व्याज आणि रिटर्न: वाचकांचे प्रश्न

जून उजाडला की या सदराकडं येणाऱ्या पत्रांचा सूरच बदलतो. एरवी घरफाळा, सातबारा, वारसनोंद असलं विचारणारी मंडळी एकदम व्याजावर येतात, आणि बहुतेकांचं म्हणणं एकच की व्याज तर चार-दोन हजारांचं, त्याच्यासाठी एवढं कशाला. म्हणून यावेळी सगळे प्रश्न व्याजाच्या नोंदींचेच घेतलेत. खालची उत्तरं १ एप्रिल २०२५ ते ३१ मार्च २०२६ या वर्षाच्या रिटर्नसाठी आहेत, त्याला १९६१ चाच कायदा लागतो. २०२५ चा नवा आयकर कायदा १ एप्रिल २०२६ पासून सुरू झालाय आणि त्यात कलमांचे नंबर बदललेत, तेव्हा व्हॉट्सअपवर कुणी वेगळाच नंबर पाठवला तर गडबडून जाऊ नका.

प्रश्न: मी निवृत्त शिक्षिका, वय ६८. पेन्शन सरकारी बँकेत येते, ठेवी तिथं आणि आणखी दोन सहकारी बँकांत आहेत, पोस्टात सेव्हिंग आहे, गल्लीतल्या पतसंस्थेतही थोडे ठेवलेत. कुठंच टीडीएस कापला नाही म्हणजे टॅक्स नाही असं शेजारचे म्हणतात. खरं का? आणि मला मोबाईलवरचं काही जमत नाही, सगळ्या व्याजाचा हिशेब गोळा कसा करू?
(मंगळवार पेठ)

उत्तर: बाई, शेजाऱ्यांचं ऐकू नका. टीडीएस म्हणजे व्याज देतानाच कापून सरकारकडं भरलेला टॅक्स, आणि तो कापायचा की नाही हे प्रत्येक बँक फक्त स्वतःपुरतं बघते. ज्येष्ठ नागरिकाला एका बँकेतून ठेवींवर वर्षाला १,००,००० रुपयांपर्यंत व्याज मिळालं तर ती बँक टीडीएस कापत नाही, ही मर्यादा १ एप्रिल २०२५ पासून वाढली, आधी ५०,००० होती. आता समजा तीन बँकांत प्रत्येकी ८०,००० व्याज आलं, तर एकीनंही रुपया कापला नाही पण तुमचं उत्पन्न २,४०,००० रुपयांनी वाढलं की. आणि सेव्हिंगच्या व्याजावर तर टीडीएस कापतच नाहीत, ते कितीही असो. म्हणजे कापलं नाही याचा अर्थ एवढाच की कुणी तुमच्या वतीनं आधी भरलं नाही, बाकी काही नाही.

आता गोळा कसं करायचं. मोबाईल नसला तरी काही अडत नाही, पासबुक हीच सगळ्यात भरवशाची नोंद आहे असं माझं स्पष्ट मत. एप्रिल उलटला की सगळी पासबुकं घेऊन बँकेत जाऊन एन्ट्री मारून घ्या, आणि मारून झाल्यावर तिथंच खुर्चीवर बसून बघा की मधली पानं सुटली नाहीत ना, कारण बरेच महिने एन्ट्री मारली नसली की मशीन कधीकधी मधल्या सगळ्या नोंदींची एकच बेरीज छापून मोकळं होतं आणि व्याज त्यात दिसतच नाही. तसं झालं तर काउंटरवर सांगून वर्षाचं स्टेटमेंट मागायचं. सेव्हिंगचं व्याज बहुतेक ठिकाणी तिमाहीला जमा होतं, जून, सप्टेंबर, डिसेंबर, मार्च. काही बँका महिनाअखेर धरतात, काही २५ तारखेच्या आसपास टाकतात. "इंट" किंवा "इंटरेस्ट" अशी नोंद असलेल्या चार ओळींना पेन्सिलनं खूण करा आणि बेरीज समासात लिहून ठेवा. पोस्टाचं वेगळं असतं, तिथं वर्षातनं एकदाच ३१ मार्चला व्याज पडतं.

ठेवींचं मात्र पासबुकावर भागत नाही. ज्या ठेवीचं व्याज मुदत संपल्यावर एकदम मिळणार आहे तिचं पासबुकात काहीच दिसत नाही, पण बँक दरवर्षी ते व्याज चढवत असते आणि आयकर खात्याला कळवतही असते. म्हणून प्रत्येक बँकेत एक साधा अर्ज द्यायचा: माझ्या नावावरच्या सर्व सेव्हिंग व ठेव खात्यांवर १ एप्रिल २०२५ ते ३१ मार्च २०२६ या काळात दिलेल्या व अर्जित व्याजाचा दाखला मिळावा. खाली ग्राहक क्रमांक लिहा, खाते क्रमांक नको, कारण खाते क्रमांक लिहिला की तेवढ्याच खात्याचा दाखला हातात पडतो आणि एखादी जुनी पावती राहून जाते.

सवलतींचं थोडक्यात सांगतो. जुनी करपद्धत निवडली तर ज्येष्ठांना ८०टीटीबी या कलमाखाली बँक, सहकारी बँक आणि पोस्ट यांच्या सेव्हिंग आणि ठेवी दोन्हींच्या व्याजावर मिळून ५०,००० पर्यंत वजावट आहे. नव्या पद्धतीत ती नाही, पण तिथं १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर रिबेटमुळं टॅक्सच शून्य होतो, त्यामुळं पेन्शनवाल्या बऱ्याच जणांना नवीच परवडते. पोस्टाच्या सेव्हिंग खात्यावर एकट्याच्या नावाला ३,५०० आणि जोडखात्याला ७,००० रुपये व्याज माफ आहे. पतसंस्था ही बँक नव्हे, त्यामुळं तिथलं व्याज सरळ पूर्ण दाखवून मोकळं व्हा. आणि पतसंस्थेचा दाखला हमखास मागून घ्याच, कारण तिथलं व्याज सरकारी यादीत दिसेलच असं नाही आणि मग ते रिटर्नमधून गळतं.

प्रश्न: माझं ऊसबिल जिल्हा बँकेच्या सेव्हिंगला जमा होतं, तिथंच पडून असतं. शेतीचं उत्पन्न माफ आहे तर त्यावरचं व्याजपण माफच झालं ना?
(ता. कागल)

उत्तर: नाही दादा. ऊस शेतात पिकला, पण व्याज काय शेतात पिकलेलं नाही, ते बँकेनं दिलंय. पैसा कुठनं आला ते व्याजाला लागू होत नाही. ते "इतर उत्पन्न" म्हणून दाखवायचं. २०१० च्या एप्रिलपासून बँका सेव्हिंगचं व्याज रोजच्या शिलकीवर काढतात, त्याआधी महिन्याच्या १० तारखेपासून अखेरपर्यंतची सगळ्यात कमी शिल्लक धरायचे, त्यामुळं बिल जमा होऊन पंधरा दिवसांत उचललं तरी तेवढ्या दिवसांचं व्याज आता पडतंच. जुन्या पद्धतीनं रिटर्न भरत असाल आणि साठीच्या आतले असाल तर ८०टीटीए या कलमाखाली सेव्हिंगच्या व्याजावर १०,००० पर्यंत वजावट मिळते, ठेवीच्या व्याजावर नाही. शेतीचं उत्पन्न माफ असलं तरी रिटर्नमध्ये त्याचा आकडा मात्र दाखवा, बाकीचं उत्पन्न करपात्र मर्यादेच्या वर गेलं तर टॅक्सचा दर काढताना तो बघितला जातो. दुसरं काही उत्पन्नच नसेल आणि व्याज किरकोळ असेल तर टॅक्सचा प्रश्नच येत नाही, पण पासबुक भरलेलं असू दे.

प्रश्न: मी पुण्यात नोकरीला, घर उचगावला. आयकर पोर्टलवर एआयएस (वर्षाच्या माहितीची यादी) उघडलं तर सेव्हिंगचं व्याज माझ्या पासबुकापेक्षा १९ हजारांनी जास्त दाखवतंय. बाबांचं आणि माझं एक जोडखातं आहे, त्यात पैसे बाबांचे. सीए म्हणतो एआयएसमधला आकडा टाकून मोकळा हो. काय करू?

उत्तर: अरे, तुझा घोळ बहुतेक त्या जोडखात्यातच आहे. बँक व्याज कळवते ते पहिल्या नावाच्या पॅनवर. खातं काढताना "तू तिथं असतोस, तुझी सही पहिली घाल" म्हणून तुझं नाव पहिलं घातलं असणार, आपल्याकडं सर्रास असं होतं. आता बाबांच्या पैशाचं व्याज तुझ्या नावावर चढतंय.

एआयएस म्हणजे सरकारला बाहेरून जे कळलं त्याची यादी, २०२१ च्या नोव्हेंबरपासून सुरू झाली. ती बरोबरच असते असं नाही आणि पूर्ण असते असंही नाही. बँकांना व्याजाची माहिती ३१ मेपर्यंत द्यायची असते, त्यामुळं एप्रिल-मेमध्ये उघडलीस तर अर्धवट दिसणार, जूनच्या मध्यानंतर परत उघड. पीडीएफ उतरवलीस तर पासवर्ड म्हणजे पॅन छोट्या इंग्रजी अक्षरांत आणि त्याला चिकटून जन्मतारीख, दिवस-महिना-वर्ष, मध्ये काही नाही. त्यात एसएफटी-०१६ (हा व्याजाचा कोड) असं लिहिलेल्या ओळी शोध, सेव्हिंगची वेगळी असते आणि ठेवीची वेगळी. ओळ उघडली की कुठल्या बँकेच्या कुठल्या खात्याचं किती ते दिसतं. ते एकेक पासबुकाशी जुळवून बघ. जोडखात्याचा आकडा सापडला की त्या ओळीसमोर फीडबॅक द्यायची सोय आहे, त्यात माहिती दुसऱ्या पॅनची आहे असं निवडायचं आणि बाबांचा पॅन टाकायचा, रक्कम टाकायची. मग बाबांनी ती रक्कम त्यांच्या रिटर्नमध्ये दाखवायची, हे विसरायचं नाही, नाहीतर तू ढकललंस आणि त्यांनी घेतलं नाही असं झालं तर नोटीस दोघांनाही. बाबांच्या पैशाचा पुरावा म्हणून त्या खात्यात पैसे कुठनं आले त्याचं स्टेटमेंट ठेवून दे.

सीएचा सल्ला सोपा आहे, चूक आहे असं म्हणवत नाही, आकडा मोठा टाकला तर कोण विचारणार. पण बाबांचा पैसा तुझ्या स्लॅबनं कशाला भरायचा? आणि कधीकधी उलटंही असतं, एआयएसमध्ये कमी आणि पासबुकात जास्त, मार्चचं व्याज १ एप्रिलला जमा झालं म्हणून किंवा एखाद्या बँकेनं कळवलंच नाही म्हणून. तेव्हा एआयएसकडं बोट दाखवून चालत नाही, पासबुकात आलंय ते दाखवावंच लागतं. पुढच्या वेळी बँकेत जाऊन खात्यातल्या नावांचा क्रम बदलता येतो का बघा, दोघांची सही लागते.

प्रश्न: माझी मुलगी न्यू जर्सीत नोकरीला आहे. लग्नाआधी माझ्याबरोबर राजारामपुरीतल्या बँकेत तिचं जोडखातं आणि एक ठेव काढली होती, ती तशीच आहे. तिथल्या टॅक्ससाठी तिला इथल्या व्याजाचा हिशेब पाहिजे. बँकेनं दाखला दिला पण ती म्हणते हा चालत नाही, वर्ष वेगळं आहे. बँकवाले म्हणतात आमच्याकडं एवढाच फॉर्म आहे. मी मधल्यामध्ये फिरतोय.

उत्तर: काका, दोघांचंही बरोबर आहे. आपलं वर्ष एप्रिल ते मार्च, अमेरिकेचं जानेवारी ते डिसेंबर. तिथल्या बँका १० डॉलर किंवा जास्त व्याज दिलं की १०९९-आयएनटी नावाचा कागद आपणहून पाठवतात, आपल्या बँकेकडं तसलं काही नसतं. तेव्हा दाखल्याच्या मागं लागू नका. १ जानेवारी ते ३१ डिसेंबर २०२५ चं स्टेटमेंट मागा, तारखा स्वतः लिहून द्या, स्टेटमेंट द्यायला कुठलीच बँक नाही म्हणत नाही. त्यातल्या मार्च, जून, सप्टेंबर, डिसेंबरच्या व्याजाच्या चार नोंदी तेवढ्या बघायच्या. डिसेंबर तिमाहीचं व्याज बँकेनं १ जानेवारीला टाकलं असेल तर साधारणपणे ते जमा झालं त्या वर्षात धरतात. ठेवीचं मात्र व्याज कधी किती चढलं याचा तारीखवार तक्ता मागा, कारण एप्रिल-मार्चचे दोन दाखले जोडून जानेवारी-डिसेंबर होत नाही, आणि टीडीएस कापला असेल तर तोही तारखेसकट लागेल. भारतात भरलेल्या टॅक्सची तिला तिकडं क्रेडिट मागता येते, पण पुरावा असला तर.

हा झाला व्याजाचा भाग. तिला यापेक्षा जास्त काळजी करायची गोष्ट दुसरीच आहे आणि ती बरेच आईबाप लेकरांना सांगतच नाहीत, कारण त्यांना स्वतःलाच माहिती नसते. अमेरिकेत टॅक्ससाठी रहिवासी धरलेल्या माणसाची परदेशातली सगळी खाती मिळून वर्षात कुठल्याही एका दिवशी १०,००० डॉलरच्या वर गेली तर एफबार नावाचा वेगळा अहवाल द्यावा लागतो. तो टॅक्स रिटर्नबरोबर जात नाही, फिनसेन नावाच्या वेगळ्या खात्याकडं ऑनलाइन भरायचा, तारीख १५ एप्रिल, राहिला तर आपोआप १५ ऑक्टोबरपर्यंत मुदत. आणि पैसे तुमचे असले तरी खात्यावर तिचं नाव जोडीला आहे म्हणजे ते खातं तिच्या मोजणीत आलं, अख्खं, अर्धं नव्हे. तुमच्या निवृत्तीचे पैसे त्या जोडखात्यात पडले असतील तर १०,००० डॉलर म्हणजे काय फार लांबची गोष्ट नाही, ते गणित तुम्हीच करा. म्हणून स्टेटमेंट बघतानाच प्रत्येक खात्यात वर्षभरातली सगळ्यात जास्त शिल्लक किती होती आणि कुठल्या दिवशी, तेही वेगळं लिहून पाठवा. ती रुपयातली रक्कम एफबारसाठी अमेरिकी ट्रेझरीच्या वर्षअखेरच्या दरानं डॉलरमध्ये करायची असते. शिवाय तिच्या रिटर्नला शेड्यूल बी नावाचं पान असतं, त्यात परदेशात खातं आहे का असा सरळ प्रश्न असतो, व्याज चार डॉलर असलं तरी त्याचं उत्तर खरं द्यायचं. पुढचं तिच्या सीपीएला, म्हणजे तिकडच्या सीएला, विचारू दे.

इकडची बाजू अशी की ती अनिवासी झाल्यावर साधं सेव्हिंग खातं तसंच चालू ठेवता येत नाही, ते एनआरओ, म्हणजे अनिवासींचं रुपयातलं खातं, करावं लागतं, फेमाचा (परकीय चलनाच्या कायद्याचा) नियम आहे. एनआरओ झालं की मग सेव्हिंगच्या व्याजावरही बँक ३० टक्के आणि वर सेस धरून कापते, पहिल्या रुपयापासून. भारत-अमेरिका करारानं व्याजावर १५ टक्के दर मिळू शकतो, त्यासाठी तिला तिकडचा रहिवासी दाखला आणि इकडचा फॉर्म १०एफ द्यावा लागतो. हे सगळं वाचून बरेच काका ठरवतात की मुलीचं नाव खात्यातनं काढून तिला नॉमिनी करून टाकू, आणि पैसे खरोखर तुमचेच असतील तर मलाही ते बरं वाटतं.

प्रश्न: वडील ऑगस्टमध्ये गेले. त्यांचं खातं ज्या बँकेत होतं ती दुसऱ्या बँकेत विलीन झाली, जुनं पासबुक आहे, नव्यात खाते क्रमांकच सापडत नाही म्हणतात. तीनदा गेलो, "साहेब सुट्टीवर", "सिस्टिम डाउन", "मेन ब्रँचला जा". व्याजाचा दाखला कसा मिळवू?
(शाहूपुरी)

उत्तर: विलीन झालेल्या बँकांची खाती नाहीशी होत नाहीत, नंबर बदलतात एवढंच. २०१९ आणि २०२० च्या एप्रिलमध्ये सरकारी बँकांचं विलीनीकरण झालं तेव्हा हेच झालं होतं, जुने आयएफएससी काही काळ चालले आणि मग बंद पडले. नव्या बँकेकडं जुन्या नंबरावरून नवा शोधायची सोय असते. तोंडी विचारणं बंद करा. लेखी अर्ज, सोबत मृत्यू दाखला, वारस म्हणून तुमचं ओळखपत्र, जुन्या पासबुकाच्या पहिल्या पानाची झेरॉक्स, वडिलांचा पॅन, आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर तारखेचा शिक्का मारून घ्यायचा. शिक्का मारत नसतील तर तोच अर्ज स्पीड पोस्टानं, मुख्य कचेरीला प्रत. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा आलेलं पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं तक्रार करता येते, १४४४८ ला फोन करून विचारा, तक्रार ऑनलाइन किंवा साध्या पत्रानंही चालते, फी नाही. हा शिक्का असलेला कागद दाखवला की बऱ्याचदा लोकपालापर्यंत जायची वेळच येत नाही, साहेब सुट्टीवरनं परत येतात. पतसंस्थेविरुद्ध असेल तर मात्र रिझर्व्ह बँक नाही, सहकार खात्याच्या निबंधकाकडं जायचं.

दाखला मागताना दोन भाग मागा: १ एप्रिलपासून ते गेले त्या तारखेपर्यंतचं व्याज वेगळं आणि त्यानंतरचं वेगळं. पहिलं वडिलांच्या रिटर्नमध्ये जातं, ते वारस म्हणून पोर्टलवर नोंदणी करून तुम्हाला भरावं लागतं. दुसरं ज्याला पैसे मिळणार त्याच्या उत्पन्नात. आणखी कुठल्या बँकेत त्यांचं काही पडून असेल अशी शंका असेल तर रिझर्व्ह बँकेच्या उद्गम पोर्टलवर नाव टाकून बघा, दहा वर्षं हात न लागलेल्या ठेवी तिथं सापडतात.

प्रश्न: पोरगा १४ वर्षांचा, तालमीत जातो. कुस्तीच्या मैदानात बक्षिसाचे पैसे मिळाले ते त्याच्या नावानं बँकेत ठेवले. व्याज कुणाचं?

उत्तर: आधी पोराला शाबासकी द्या. त्यानं अंगमेहनतीनं, कसबानं मिळवलेलं बक्षीस हे त्याचं स्वतःचं उत्पन्न, ते आईबापाच्या उत्पन्नात मिसळत नाहीत. पण तेच पैसे बँकेत ठेवल्यावर जे व्याज येतं ते कसबाचं नाही, म्हणून ते आई आणि वडील यांच्यात ज्याचं उत्पन्न जास्त त्याच्या रिटर्नमध्ये दाखवायचं. जुन्या पद्धतीत एका मुलामागं १,५०० रुपये माफ आहेत, नव्या पद्धतीत नाहीत. मैदानाच्या संयोजकांकडून बक्षिसाची पावती किंवा पत्र मिळालं असेल तर ते पासबुकाच्या कव्हरमध्येच घालून ठेवा.